सपरीवरची फळी

नवतपा लागला की आमच्या घरात जवसाच्या तेलाचा वास सुटायचा. नागपूरच्या मे महिन्याला स्वतःचे वास पुष्कळ. कूलरच्या ओल्या खसाचा, पन्ह्याचा, गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांचा, दुपारी तीनला रस्त्यावरून येणाऱ्या तापलेल्या डांबराचा. पण माझ्यापुरता या दिवसांचा वास म्हणजे जवसाचं तेल. थोडा कडसर, थोडा गवताचा, एकदा नाकात बसला की दोन दिवस न जाणारा. वर्षातल्या सगळ्यात कडक अशा या नऊ दिवसांत लाकडाला फार तहान लागते, असं माझी बायको कुमुद म्हणायची. म्हणून घरामागच्या लाकडी ओट्याला ती तेव्हाच तेल पाजायची. जुन्या पातळाची चिंधी, पितळी वाटीत कोमट तेल, पदर खोचलेला आणि सकाळी सहाला सुरुवात. नऊच्या आत एकवीस फळ्या. मग तीन दिवस ओट्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. मी ठेवायचो. दरवर्षी विसरून ठेवायचो, तेलकट पावलं स्वयंपाकघरापर्यंत उमटवायचो आणि बोलणी खायचो.

यंदाही नवतपा लागला. तेलाचा डबा कोपऱ्यात तसाच होता, झाकण न उघडलेला. कुमुदला जाऊन सहा महिने होत आले होते.

ओटा म्हणजे तसं फार काही नव्हे. आमच्या ले-आउटमध्ये लोकांनी घरामागच्या जागेत फरशी घातली, कुणी शेड टाकून भाडेकरू ठेवला. आमच्याकडे बारा फूट बाय आठ फुटांचा, जमिनीपासून दीड हात उंच, सागवानी फळ्यांचा ओटा आहे. पुण्याहून मुलगा आला की मित्रांना फोटो पाठवून 'आमचा डेक' म्हणतो. शेजारी त्याला सरांचं स्टेज म्हणत, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि निवृत्त झाल्यावरही या ओट्यावर येरझारा घालत मोठ्यानं बोलायची माझी सवय गेली नव्हती. कुमुद मात्र त्याला नुसतं 'बाहेर' म्हणायची. "मी बाहेर बसते," म्हणाली की ओट्यावरच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लाकूड तिच्या माहेरचं. कुहीकडे, नदीच्या काठाला तिचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथे धरणाचं पाणी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गाव उठलं. लोक स्वतःच्याच छपरांवर चढून कवेलू उतरवत होते, चौकटी उखडत होते, बैलगाड्या आणि मेटॅडोर भरत होते. भर उन्हात सगळ्या गावावर धुरळा होता. माझे सासरे मधोमध खाट टाकून बसले होते आणि कुणी काही विचारलं की नुसता हात हलवत होते, न्या म्हणून. नव्या वस्तीत त्यांना स्लॅबचं घर मिळणार होतं. तिथे माळा नव्हता, त्यामुळे जुन्या माळ्याच्या फळ्यांचं करायचं काय, असा प्रश्न निघाला. तिकडच्या घरांत खोल्यांवर फळ्यांचा माळा असायचा, त्यावर चिंचेची मडकी, लसणाच्या जुड्या, मोडकी अवजारं. कुमुद म्हणाली, "फळ्या मी नेतो. मले द्या." माहेरी गेली की ती अशीच बोलायची. मी मनात म्हटलं, झालं, आता हिच्या माहेरचं छप्पर माझ्या अंगणात येणार. आणि तसंच झालं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कागदावर आराखडा काढला. लांब फळ्या मध्ये, आखूड कडेला, सगळं मोजूनमापून. कुमुदनं तो कागद नीट वाचला, घडी घातली आणि बाजूला ठेवला. मग सेवकराम मिस्त्रींना घेऊन तिनं एकेक फळी स्वतः लावून घेतली. ही इथं, ती तिथं. स्वयंपाकघरावरच्या फळ्या चुलीच्या धुरानं एका बाजूनं काळ्याकुट्ट होत्या. त्या तिनं काळी बाजू खाली करून मध्ये बसवल्या. सपरीवरची, म्हणजे पुढच्या पडवीवरची एक फळी होती. तिच्यातली गाठ कधीतरी निसटून पडली होती आणि आठ आण्याच्या नाण्याएवढं आरपार भोक राहिलं होतं. शिवाय ती मध्ये जराशी खोलगट होती. मिस्त्री म्हणाले, "बाई, हे फळी खाली टेकूले वापरू. वरतून बरी नाई दिसत."

"नाई. हे इथंच लागंल," कुमुद म्हणाली आणि पायरीच्या कडेची जागा दाखवली.

तिथेच ती रोज बसायची. सकाळचा चहा तिथे, दुपारी गहू निवडायचे तिथे, मुलाशी फोनवर बोलायचं तिथे. वर पाइपांच्या चौकटीवर विरळ हिरवी जाळी असली तरी ती जागा उन्हाची. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कडुलिंबाची गर्द सावली, पण बाईसाहेब उन्हात. मी म्हणायचो, "अगं, सावलीत बस ना." ती म्हणायची, "इथं बरं आहे." तीस वर्षं मुलांना पृथ्वीवरचे वारे आणि प्रवाह शिकवले, पण घरातलं माणूस एका विशिष्ट जागी का बसतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या भोकातून मुंगळे वर यायचे. एका रविवारी ती देवळात गेली असताना मी पुट्टी कालवली आणि ते भोक छान बुजवून टाकलं. वरून काचकागद मारून गुळगुळीत केलं. हाताचं काम मला फारसं येत नाही, त्यामुळे जे जमलं त्याचा अभिमान जरा जास्तच होता. ती आली तेव्हा मी मोठ्या थाटात दाखवलं. तिनं पाहिलं. खाली बसून त्या राखाडी ठिपक्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"काहून केलं हे?" एवढंच म्हणाली. लग्नानंतर माझ्याशी बोलताना ती आमच्यासारखंच बोलायची. मन दुखावलं की मात्र तिच्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' निघायचं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी विनोद करून पाहिले. "एका भोकासाठी नवरा टाकतेस का?" असंही म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, पण भोकाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. बायकांचं काहीतरी असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

आणखी एक कोडं होतं, ते लग्नाइतकंच जुनं. मी तिला अधूनमधून छेडायचो, "तू मला काय बघून हो म्हणालीस?" दिसायला मी कधीच धड नव्हतो. पगार बेताचा. ती म्हणायची, "तुमचे भोवरे पाहून." माझ्या डोक्यावर दोन भोवरे होते, केस होते तोवर. पण ते पाहिले कधी? मुलगी पाहायला मी गेलो तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन आली, मान खाली घालून बसली आणि पाच मिनिटांत आत गेली. डोक्याचा भोवरा तिला कुठून दिसणार? लग्नानंतर पाहिले असतील आणि आता चेष्टा करत असेल, असं मी धरून चाललो. आजारपणातही तिची ही चेष्टा सुटली नाही. "दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात," ती म्हणायची. "पाहून ठेवा आता एखादी." मी चिडायचो, उठून बाहेर जायचो. बाहेर म्हणजे ओट्यावर.

गेल्या नवतप्यात ती पलंगावर होती. पोटाचं दुखणं वाढलं होतं, बसवत नव्हतं. तरी एक दिवस माझा हात धरून ओट्यापर्यंत आली, तिच्या फळीवर पाऊल टेकवलं आणि म्हणाली, "तेलाचं राहू द्या यंदा. पण या फळीचं पाहा. मऊ लागते आहे टोकाकडे."

मी म्हणालो, "पावसाळा जाऊ दे. मग सगळ्याच ओट्याचं करू."

हे वाक्य मी का म्हणालो? मिस्त्री दोन गल्ल्या सोडून राहतात. एक फोन करायचा होता. पण त्या दिवसांत मला औषधं, तपासण्या, डॉक्टर यांपलीकडे काही दिसत नव्हतं आणि फळीसारख्या गोष्टीला वेळ देणं म्हणजे तिच्या आजाराकडे दुर्लक्ष करणं, असं वाटायचं. पावसाळा गेला. दसरा गेला. मार्गशीर्षात ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं मला दोनदा विचारलं, "मिस्त्री आले होते का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "येतो म्हणालेत." मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी फार खोटं बोललो नाही. हे मात्र बोललो.

त्यानंतर मी ओट्यावर जाणं सोडलं. चैत्रात एकदा कपडे वाळत घालायला गेलो तर पायरीजवळ पाय फळीतून थेट आत गेला. पोटरी सोलवटली. तेव्हा मिस्त्रींना बोलावलं.

सेवकराम मिस्त्री आता थकलेत, पण लाकडाला हात लावला की त्यांची बोटं तशीच चालतात. मधल्या फळ्या त्यांनी उलटून पाहिल्या. इतक्या वर्षांनीही खालची काळी बाजू तशीच होती. "हे धुराचं लाकूड आहे, सर. याले उधई-वाळवी लागत नाई. तुमच्या-माह्या पोरांच्या पोरांलेबी पुरंल." मग ते पायरीच्या फळीशी आले. टोकाचं लाकूड चिमटीत धरलं तर भुगा झाला.

"सर, हे भोक कोनं बुजवलं?"

"मी. का?"

"हे फळी मधात खोल आहे. पावसाचं पाणी साचलं का भोकातून खाली जाचं. तुमी बुजवलं, तं पाणी वरतंच राह्यलं, अन मंग टोकाकडून मुरत गेलं. चार वर्सं पाणी पिऊन राह्यली ते."

  चूक झाली, एवढंच वाटलं. तेव्हा मला ती फक्त सुतारकामातली चूक वाटली.

"काढून टाका," मी म्हणालो. "नवी लावा."

मिस्त्रींनी सडलेला भाग कापून टाकला. उरलेला चार फुटांचा तुकडा उचलून म्हणाले, "सागवान आहे, फेकू नोका. तुमच्या कूलरचा ष्टँड हालून राह्यला, त्याले वरतून मारून देतो." मी हो म्हणालो. कूलर बसवायचे दिवस होतेच. खिडकीखालच्या स्टँडवर तो तुकडा ठोकला गेला, त्यावर कूलर चढला, कूलरमध्ये पाणी पडलं. ओट्याला नवी फळी लागली, पिवळसर, गुळगुळीत, बाकीच्या वीस फळ्यांत पाहुण्यासारखी.

मागच्या आठवड्यात वच्छला आली. कुमुदची धाकटी बहीण. ती नव्या वस्तीत राहते, दर उन्हाळ्यात घरचे तांदूळ आणि कैऱ्या घेऊन येते. यंदा येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. पिशव्या स्वयंपाकघरात ठेवल्या, पाय धुतले आणि अनवाणी मागच्या दारानं ओट्यावर गेली. थोड्या वेळानं तिथूनच हाक आली.

"भाऊजी, ताईची फळी कुठं गेली?"

"कोणती?"

"सपरीवरची. भोकाची."

सडली होती, काढली, असं मी सांगितलं. ती नव्या फळीकडे पाहत उभी राहिली. मग पदरानं डोळे पुसत पायरीवर बसली. मला कळेना. एका फळीसाठी ही का रडते? शेवटी मी विचारलंच.

"तुमाले ताईनं कधी सांगतलं नाई?"

"काय?"

"तुमी पाह्याले आले तवाचं."

आणि तिनं सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते नीट येणार नाही.

"तुमी सपरीत बसले होते, तुमचे बाबा होते, मामा होते. आई सैपाकघरात पोहे करून राह्यली होती. ताई नवं पातळ नेसून शिडीनं माळ्यावर चढली, अन मी तिच्या मांगं. सपरीवरच्या फळीले भोक होतं ना, आमी लहानपणापासून त्याच्यातून पाहाचो, कोण आलं, कोण गेलं. ताई पोटावर झोपली अन डोया लावला भोकाले. मले म्हणते, 'वच्छे, थोबाड तं दिसतच नाई वं. नुसतं डोकं दिसून राह्यलं.' मंग हसाले लागली. 'दोन भोवरे हायेत वं याले,' म्हणे. मी भेली. म्हटलं, 'ताई, नको म्हण याले. दोन भोवरे असले का दोन लग्न होते. पयली मरते.'"



"मंग?" मी म्हणालो. माझ्याही तोंडून 'मंग'च निघालं.

"म्हणे, 'मरंन तवा मरंन. दुसरी येईपर्यंत तं माह्याच ना तो?'"

समोर नवतप्याचं ऊन होतं. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

मला तो दिवस आठवला. एरवीही आठवायचा, पण माझ्या बाजूनं आठवायचा. माझे घामेजलेले हात, मामांच्या गप्पा, पोह्यांची बशी. आणि त्या बशीत वरून पडलेला भुसा. खरंच पडला होता. पोह्यांवर दोन-चार काड्या आणि धूळ. सासऱ्यांनी लगेच बशी बदलायला सांगितली आणि ओशाळून म्हणाले, "माळ्यावर उंदीर लई झाले." मी भिडस्त माणूस. असू द्या, असू द्या म्हणालो. मान वर करून एकदाही पाहिलं नाही. वर ती तोंडावर हात दाबून हसत होती.

म्हणजे ती चेष्टा नव्हती. आयुष्यभर मी एक प्रश्न विचारत होतो आणि आयुष्यभर ती खरं उत्तर देत होती.

"मले शपथ घातली होती, सांगाचं नाई म्हणून," वच्छला म्हणाली. "लाजे ते. आता कोणाची शपथ, भाऊजी."

मी रडलो. मेहुणीसमोर, ओट्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडलो. कुमुद गेली त्या दिवशी लोक जमले होते, कामं होती, रडणं राहून गेलं होतं. ते आता आलं.

मग एकदम आठवलं. तुकडा घरातच होता.

बाहेर सेहेचाळीस डिग्री होती आणि आम्ही दोघांनी चालू कूलर बंद केला. टाकीतलं पाणी बादल्यांनी उपसलं, कूलर भिंतीशी ढकलून ठेवला. स्टँडवरचा तुकडा ओला होता. त्याच्या एका कडेला माझ्या पुट्टीचा राखाडी ठिपका. मी खिळे उपटले, तुकडा ओट्यावर आणला आणि पेचकस घेऊन पुट्टी कोरायला बसलो.

तेव्हा दिसलं. ठिपक्याच्या कडेनं गोल बारीक ओरखडे होते. पिनेनं काढल्यासारखे, उथळ, पुष्कळ. एका दिवसाचे नव्हेत. बांगडीला सेफ्टी पिन अडकवून ठेवायची कुमुदची सवय होती. मी वच्छलाला दाखवलं. तिनं बोट फिरवलं आणि मान हलवली. इथे उन्हात बसून, फोनवर मुलाशी बोलता बोलता, ती ते उकरत राहिली होती. मला सांगितलं असतं तर मी पाच मिनिटांत काढून दिलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. आणि मी तरी कधी नीट विचारलं होतं? दोन दिवस अबोला धरणाऱ्या बाईला मी विनोद ऐकवले होते.

पुट्टी निघायला दीड तास लागला. कडांच्या लाकडाला मी धक्का लागू दिला नाही. भोक पुन्हा पहिल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. "हा तुकडा कुठं लावू, सर? जागेवर बसत नाई आता, आखूड पडते."

"जागेवर नको," मी म्हणालो. "वर लावा."

ओट्यावर हिरवी जाळी बांधायला लोखंडी पाइपांची चौकट आहे. तिथे पायरीच्या कडेला, ती बसायची त्या जागेच्या बरोबर वर, मिस्त्रींनी तो तुकडा आडवा कसला. तेवढ्यापुरती जाळी कापली. मिस्त्रींनी मला का म्हणून विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग पुढच्या सकाळी मी तेलाचा डबा उघडला. आधी तो तुकडा, मग बाकीच्या वीस फळ्या, मग नवी. सहाला सुरू केलं, मला अकरा वाजले. यंदा तीन दिवस मी ओट्यावर पाय ठेवला नाही. बोलणारं कुणी नव्हतं, तरी ठेवला नाही.

या दिवसांत नागपूरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भरदुपारी उभ्या खांबाची सावलीसुद्धा खांबाच्या पायाशीच मुरते. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्षं शिकवलं. आता रोज बाराच्या सुमाराला मी खुर्ची घेऊन त्या जागी बसतो. वच्छला अजून इथेच आहे. ती दारातून म्हणते, "भाऊजी, उनात काहून बसता? लिंबाखाली बसा ना."

"इथं बरं आहे," मी म्हणतो.

वरच्या भोकातून उन्हाचा कवडसा सरळ खाली येतो आणि टाळूवर पडतो. केस गेलेत, भोवरे आता दिसायचे नाहीत. दुसरी कुणी आली नाही. मी पोह्यांची बशी हातात असल्यासारखी मान खाली घालून बसतो आणि वर पाहत नाही. त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.